आधी पक्कं कॉलेज, मग स्वप्नातलं

माझ्या दोन्ही मुली अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत शिकल्या. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळातली बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील कॉलेजांच्या याद्या घेऊन आमच्याकडे येतात. मी व्यवसायाने कौन्सेलर नाही. पण इतक्या याद्या बघून झाल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. वरची पाच नावं सगळ्यांची जवळपास सारखीच असतात. खरा विचार करायचा असतो तो तळच्या दोन नावांचा, म्हणजे सेफ्टी स्कूलचा. बाकी कुठे नाही मिळालं तरी इथे मिळणारच, असं कॉलेज.

लिबरल आर्ट्स कॉलेजं कशी असतात ते थोडक्यात सांगते. साधारण दीड ते अडीच हजार विद्यार्थी, बहुतेक सगळे तिथेच राहणारे, आणि शिक्षण फक्त पदवीपर्यंतचं. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्सपासून इतिहास-संगीतापर्यंत सगळं एका छताखाली. पीएचडी करणारी मुलं नसल्यामुळे पहिल्या वर्षाचा वर्गसुद्धा प्राध्यापकच घेतात, आणि प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायला अठरा-एकोणीस वर्षांचीच मुलं असतात. ज्या मुलाला हे हवं आहे त्याच्यासाठी सेफ्टीही याच जातीची शोधावी लागते, आणि ते काम मोठ्या विद्यापीठांपेक्षा अवघड आहे.

१. यादी खालून लिहायला घ्या

विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना ही नावं आधी लिहिली जातात. तिथे शंभरातल्या दहा-एक मुलांना प्रवेश मिळतो, कधी त्याहूनही कमी. त्यांचे निबंध लिहून मूल पार थकलं की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरात कुणीतरी म्हणतं, "अगं, एखादी सेफ्टी पण टाकून ठेव." मग जे नाव सुचेल ते टाकलं जातं.

मी तीन प्रश्न विचारते. प्रवेश नक्की मिळेल का? परवडेल हे आजच माहीत आहे का? आणि बाकी सगळीकडून नकार आला तर मूल मनापासून तिथे जाईल का? तिन्हींचं उत्तर हो असेल तरच ती सेफ्टी. तिसरा प्रश्न मुलाला एकट्याला, घाई नसताना विचारावा. "जाईन की" असं तोंडदेखलं उत्तर आलं तर ते नाव खोडायचं आणि पुन्हा शोधायला लागायचं.

२. प्रवेशाच्या एका टक्केवारीवर भिस्त ठेवू नका

छोट्या कॉलेजात एकूण जागाच पाचशेच्या आसपास. समजा, त्यातल्या निम्म्या अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे "मिळालं तर येणारच" असं लिहून देणाऱ्या मुलांनी भरल्या. या कॉलेजांत खेळाडूंचं प्रमाणही मोठं असतं. संघ भरायला मोठ्या विद्यापीठाइतकीच मुलं लागतात, पण ती पाचशेतून काढायची म्हणजे बराच वाटा त्यांच्याकडे जातो. कोचने निवडलेली बरीच मुलं अर्ली डिसिजनमध्येच येतात. उरलेल्या जागांसाठी जानेवारीत अर्ज करणाऱ्या तुमच्या मुलीचा आकडा आणि माहितीपत्रकात छापलेला आकडा यांत मग बरंच अंतर पडतं.

मुलगी म्हटलं ते मुद्दामच. या कॉलेजांना मुलींचे अर्ज मुलांपेक्षा जास्त येतात आणि वर्गात तोल राखायचा म्हणून काही ठिकाणी मुलींची चाळणी बारीक होते. केनयन कॉलेजच्या प्रवेशप्रमुख जेनिफर डेलाहंटी ब्रिट्झ यांनी २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून हे उघडपणे मान्य केलं होतं. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी त्यांना हे जास्तच जाणवलं. मुली असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

बहुतेक कॉलेजं दरवर्षी "कॉमन डेटा सेट" नावाची एक लांबलचक फाइल प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधलं की सापडते. तिच्या सी विभागात मुलगे आणि मुली यांचे अर्ज व प्रवेश वेगवेगळे दिलेले असतात, अर्ली डिसिजनचेही आकडे असतात, आणि एसएटीचे गुण किती ते किती तेही असतं. वजाबाकी करून जानेवारीतल्या मुलीची टक्केवारी अंदाजाने काढा. तरीही निम्म्याहून बरीच वर राहिली आणि मुलीचे गुण तिथल्या वरच्या पाव हिश्श्यात बसले, तर मी त्या नावापुढे बरोबरची खूण करते.

३. सेफ्टीलाही तुम्ही हवे आहात हे कळलं पाहिजे

आमच्या ओळखीतला एक फार हुशार मुलगा. त्याच्या गुणांच्या मानाने सोपं म्हणावं अशा एका कॉलेजने त्याला वेटलिस्टवर टाकलं. घरच्यांना धक्का बसला. पण त्याने त्या कॉलेजची एकही ईमेल उघडली नव्हती, ऑनलाइन माहितीसत्राला तो बसला नव्हता, आणि "आमचंच कॉलेज का?" या निबंधात दुसऱ्या कॉलेजसाठी लिहिलेला मजकूर फक्त नाव बदलून टाकला होता. पाचशेच्या वर्गात पन्नास मुलं कमी आली तर कॉलेजचं वर्षाचं अंदाजपत्रक कोलमडतं. त्यामुळे येण्याची चिन्हं नसलेल्या मुलाला जागा देणं त्यांना परवडत नाही, मग त्याचे गुण कितीही असोत.

त्याच डेटा सेटमध्ये सी-७ हा तक्ता आहे. कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते त्यात खुणा करून सांगितलेलं असतं, आणि "अर्जदाराने दाखवलेला रस" ही त्यातली एक ओळ आहे. काही कॉलेजं हे अजिबात बघत नाहीत, काही महत्त्वाचं मानतात. जिथे मानतात तिथे मुलाखत मागून घ्या, जमलं तर जाऊन या, आणि तो छोटा निबंध स्वप्नातल्या कॉलेजइतक्याच आस्थेने लिहा. खोटी आस्था दाखवता येत नाही. म्हणून पुन्हा तिसऱ्या प्रश्नाकडे यावं लागतं.

४. पैशाचं उत्तर आधी, कागदावर

यावर सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण घरं इथेच पोळतात.

आज बऱ्याच खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासकटचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या घरात किंवा त्यापुढे छापलेला असतो. प्रत्यक्षात तेवढे फार थोडे भरतात. खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना ट्यूशनमध्ये सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. ती सूट दोन वाटांनी येते. एक घरच्या गरजेवर, दुसरी मुलाच्या गुणांवर. विल्यम्स, ॲमहर्स्ट ही कॉलेजं फक्त गरज बघतात, गुणांवर पैसा देत नाहीत. आमच्या मंडळातली बरीच घरं दोघं नोकरी करणारी आहेत. गरजेच्या हिशेबात ती बसत नाहीत, आणि वर्षाला ८० हजार, तेही पुढेमागे दोन मुलांचे, त्यांना झेपत नाहीत. अशा घरांनी गुणांवर स्कॉलरशिप देणारी कॉलेजं बघावीत: ओहायोतलं वूस्टर, विस्कॉन्सिनमधली लॉरेन्स आणि बेलॉइट, इलिनॉयमधलं नॉक्स, मिशिगनमधलं कॅलमझू, पेनसिल्व्हेनियातलं ॲलेघनी. शिक्षणात ही कॉलेजं कुठेही कमी नाहीत.

ऑक्टोबर २०११ पासून कायद्याने कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न हाताशी घेऊन नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसायचं आणि तो भरायचा. जीपीए विचारणारा असेल तर उत्तम, म्हणजे गुणांवरची रक्कमही त्यात धरली जाते. घराची किंमत, छोटा धंदा, भारतातली मालमत्ता असं काही असेल तर आकडा चुकू शकतो. मग सरळ फायनान्शियल एडच्या ऑफिसला फोन करा. छोट्या कॉलेजात फोन माणूस उचलतो.

पुढे ऑफरचं पत्र येतं. ते वाचायला मी मुलालाच बसवते, पेन्सिल देऊन. एक पत्र डोळ्यांसमोर आहे. वर ठळक अक्षरात अभिनंदन, खाली "एकूण मदत" म्हणून एक भरघोस आकडा. त्यातली पहिली ओळ स्कॉलरशिपची. तिच्यापुढे बरोबरची खूण. दुसरी ओळ ५,५०० डॉलरच्या फेडरल कर्जाची. ती खोडली, कारण फेडायची आहे. तिसरी वर्क-स्टडी, तीही खोडली, कारण तास भरून कमवायची आहे आणि पहिल्या बिलातून वजा होत नाही. उरलेला आकडा खर्चातून वजा केल्यावर जे आलं ते त्या मुलाच्या बाबांनी दोनदा तपासलं. मग तळटीप वाचली: स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए लागतो, आणि ट्यूशन दरवर्षी वाढताना स्कॉलरशिपची रक्कम तीच राहते का. चार वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय त्या कॉलेजला परवडणारं म्हणू नका.

यादीतली निदान एक सेफ्टी अर्ली ॲक्शनवाली असावी. त्यात बांधिलकी नसते. नोव्हेंबरात अर्ज, आणि वर्ष सरता सरता किंवा नव्या वर्षाच्या सुरुवातीला उत्तर, बऱ्याचदा स्कॉलरशिपच्या आकड्यासकट. धाकटीला वूस्टरचं पत्र आलं त्या दिवसापासून घरातला ताण निम्मा झाला. त्यानंतर तिने चार अर्ज करायचेच सोडून दिले.

५. रटगर्स ही सेफ्टी असू शकते, पण विचार करून

आपल्या राज्याचं विद्यापीठ परवडतं आणि गुण चांगले असले की प्रवेशही मिळतो. पण बारा जणांच्या वर्गात बोलून बोलून शिकणाऱ्या मुलाला तीन-चारशेच्या लेक्चर हॉलमध्ये बसवायचं असेल तर निदान तिथल्या ऑनर्स कॉलेजची चौकशी करा. शिवाय सरकारी असूनही छोटी, याच पद्धतीची कॉलेजं आहेत: न्यूयॉर्क राज्यातलं जेनेसिओ, सेंट मेरीज कॉलेज ऑफ मेरीलँड, मिनेसोटा विद्यापीठाचं मॉरिस इथलं कॅम्पस. ही नावं आपल्या लोकांच्या यादीत फार कमी दिसतात.

६. कॉलेज चार वर्षं टिकेल का, तेही बघा

हा प्रश्न मोठीच्या वेळी मला कुणी विचारला नव्हता, विचारायची गरजही नव्हती. आता आहे. न्यूयॉर्क राज्यात ऑरोरा गावी, कायुगा तळ्याकाठी वेल्स कॉलेज होतं, १८६८ सालचं. २९ एप्रिल २०२४ ला त्यांनी जाहीर केलं की हे सत्र संपलं की कॉलेज बंद. जागा पक्की करायची नेहमीची मुदत १ मे. म्हणजे दोनच दिवस आधी. त्याच वर्षी ३१ मे ला अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न बंद झालं. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या मुलींच्या कॉलेजने २०१५ च्या मार्चमध्ये बंद होत असल्याचं सांगितलं, तेव्हा माजी विद्यार्थिनींनी कोर्टात जाऊन, पैसे उभे करून जूनपर्यंत ते वाचवलं. पण प्रत्येक कॉलेजला अशा मुली पाठीशी मिळत नाहीत.

कारण साधं आहे. अमेरिकेत २००७ नंतर जन्म घटत गेले. ती मुलं आता अठराची होताहेत, आणि जागा मात्र तेवढ्याच आहेत. झळ आधी लागते ती कमी गंगाजळीच्या, फीवरच चालणाऱ्या छोट्या कॉलेजांना. नेमकी हीच कॉलेजं प्रवेशाला सोपी असतात आणि सेफ्टी म्हणून आपल्यासमोर येतात.

म्हणून एक तास खर्च करा. सरकारच्या कॉलेज नेव्हिगेटर या साइटवर विद्यार्थिसंख्या आणि पहिल्या वर्षानंतर टिकलेल्यांची टक्केवारी मिळते. नव्वदच्या आसपास असेल तर छान. सत्तरच्या खाली असेल तर मी पुढे बघत नाही. खासगी कॉलेज धर्मादाय संस्था असल्याने तिचं फॉर्म ९९० हे विवरण सगळ्यांना खुलं असतं आणि प्रोपब्लिकाच्या साइटवर फुकट वाचता येतं. लागोपाठ काही वर्षं तूट आहे का? मुलं दरवर्षी कमी होताहेत का? मान्यता देणाऱ्या संस्थेने ताकीद दिली आहे का? आणि भेटीला गेलात की प्रवेश अधिकाऱ्याला सरळ विचारा, "गेल्या पाच वर्षांत कुठले विभाग बंद केले?" चांगल्या कॉलेजात या प्रश्नाचं उत्तर न चाचरता मिळतं.

७. कॉलेज छोटं, म्हणून विभाग मोजून बघा

कॅटलॉगमध्ये जगातले सगळे विषय छापलेले असतात. खरं चित्र कळतं ते गेल्या दोन वर्षांच्या प्रत्यक्ष वेळापत्रकावरून. गणिताचे चारच प्राध्यापक असतील आणि त्यातले एक वर्षभर रजेवर, तर पुढचा विषय त्या वर्षी होत नाही. शाळेतच कॅल्क्युलसच्या पुढे गेलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षी शिकायला काही उरत नाही, असंही होऊ शकतं. शेजारी दुसरं कॉलेज असेल तर तो प्रश्न सुटतो. मॅसॅच्युसेट्समध्ये पाच संस्थांच्या, फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर, हॅवरफोर्ड आणि स्वार्थमोर या तिघांच्या मुलांना एकमेकांचे वर्ग घेता येतात.

उलट बाजूही सांगते. वूस्टरमध्ये शेवटच्या वर्षाचं प्रत्येक मूल, हुशार असो की साधारण, वर्षभर एका प्राध्यापकाबरोबर स्वतःचं संशोधन करतं. त्याला इंडिपेंडंट स्टडी म्हणतात. लायब्ररीत या मुलांना बसायच्या स्वतंत्र जागा असतात. आम्ही गेलो तेव्हा त्या पुस्तकांनी, मगांनी, ब्लँकेटांनी भरलेल्या होत्या. एका मुलीच्या टेबलावर गावच्या पाणीपुरवठ्याच्या जुन्या नोंदींच्या फोटोप्रती पडल्या होत्या. माझ्या धाकटीने तिला काहीतरी विचारलं आणि दोघी अर्धा तास बोलत बसल्या. प्रबंध दिला की कॉलेज टूट्सी रोल नावाची चॉकलेटची गोळी देतं, हेही तिनेच सांगितलं. गाडीत बसल्यावर धाकटी म्हणाली, "आई, हे मला पहिल्या वर्षापासून करायला आवडेल." तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला न विचारता मिळालं.

या कॉलेजांचा आपल्याशी एक जुना धागाही आहे. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी चळवळीचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर झेलियट मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मिडवेस्टमधल्या या कॉलेजांची मुलं एका एकत्रित कार्यक्रमातून अनेक वर्षं पुण्यात येऊन मराठी घरांत राहायची, मराठी शिकायची. आपले लोक या कॉलेजांना "कधी नाव ऐकलं नाही" म्हणतात तेव्हा मी हे आवर्जून सांगते.

८. विमानतळ, थंडी, जेवण

लहान गोष्टी वाटतात, पण वर्षातून चार वेळा जाणं-येणं आहे. ग्रिनेल कॉलेजला जायचं तर डेस मॉइनला उतरून तासभर गाडीने जावं लागतं. नॉक्सच्या गेल्सबर्गला शिकागोहून थेट रेल्वे आहे. शाकाहारी मुलाने तिथल्या मेसमध्ये एक वेळ प्रत्यक्ष जेवून बघावं. लॉरेन्स जिथे आहे त्या ॲपलटनच्या जानेवारीची कल्पना ऑक्टोबरात येत नाही.

९. पुण्या-मुंबईहून अर्ज करणाऱ्यांसाठी

इथे गणित पूर्ण बदलतं. परदेशी विद्यार्थ्याला मदत हवी असेल तर बहुतेक कॉलेजं ती गोष्ट प्रवेश देतानाच विचारात घेतात. ॲमहर्स्ट, बोडिन यांसारखी थोडी कॉलेजं घेत नाहीत, पण तिथे प्रवेशच दुर्मीळ. म्हणजे मोठी आर्थिक मदत हवी असलेल्या मुलाला अमेरिकेत खऱ्या अर्थाने सेफ्टी नाहीच. त्यात पुढे व्हिसाची अनिश्चितता. अशा मुलाची सेफ्टी भारतातच असावी: फर्ग्युसन, पुण्याचं फ्लेम, सोनिपतचं अशोका, बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ. भाचेमंडळींना मी हेच सांगते, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

१०. घरात बोलताना

मुलाच्या समोर नातेवाइकांना फोनवर "तसं सेफ्टीत झालंय, पण अजून खऱ्या कॉलेजांचं यायचंय" असं बोलू नये. ते वाक्य मूल विसरत नाही, आणि एप्रिलमध्ये तिथेच जायची वेळ आली तर ते पराभूत मनाने जातं. नाव सांगावं, तिथे काय शिकायला मिळेल ते सांगावं. आजीला "लायब्ररीत हिची स्वतःची जागा असेल" हे सांगितलं की रँकिंगपेक्षा लवकर समजतं.

धाकटी शेवटी वूस्टरलाच गेली. वरच्या एका कॉलेजचा होकार आला होता, पण वर्षाला तीस हजारांचा फरक होता. तिने पूर्ण विचार करून ठरवलं, आणि आम्ही दोघांनी लगेच मान्य केलं.

ज्यांची मुलं यंदा बारावीत आहेत त्यांना एकच विनंती. या शनिवार-रविवारी मुलाबरोबर बसा, दोन सेफ्टी कॉलेजं नक्की करा, त्यांचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा, आणि थँक्सगिव्हिंगच्या आधी ते दोन अर्ज पाठवून टाका. स्वार्थमोरचा निबंध त्यानंतर लिहिला तरी चालतो.